माय पुन्हा वल्ह्यावर

जालन्याच्या दवाखान्यात मायच्या मांडीत सळई बसवली, त्याच दिवशी गावाकडं माझ्या भावाला अग्नी दिला. मी मायजवळ होते. शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं नाही, पाय दुखतोय असंही म्हणाली नाही. छताकडं बघत तिनं एवढंच विचारलं, "सापडला का?"

"सापडला."

"कुठं?"

"खालच्या अंगाला. बाभळीच्या बनात अडकला होता."

तिनं डोळे मिटून घेतले. त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याच्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

आमचं गाव तीर्थपुरीच्या दक्षिणेला, गोदावरीच्या काठावर. आमच्याकडं तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. अलीकडं जालना, पलीकडं बीड. पलीकडच्यांना तीर्थपुरीचा बाजार जवळ पडायचा आणि अलीकडच्यांच्या निम्म्या सोयरिकी पलीकडं होत्या. पूल लांब, एसटीनं जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. त्यामुळं आमच्या घराला नाव होती आणि नावेवर घर चालायचं.

नाव आधी वडलांची. जालना जिल्हा नवानवा झाला त्या सुमारास वडील काविळीनं गेले. मी तेव्हा शाळेत होते, भाऊ माझ्याहून लहान. तेरावं उरकलं आणि माय नावेत जाऊन बसली. सुरुवातीला लोक काठावरूनच परतायचे. बाईमाणसाच्या हातात जीव कसा द्यायचा, असं तिच्या तोंडावर म्हणायचे. माय वल्ह्यावर बसायची. रिकामी नाव पलीकडं न्यायची, रिकामी परत आणायची. हळूहळू अडलेले लोक बसायला लागले, मग सगळेच बसायला लागले. पुढं भाऊ हाताशी आला. एका वल्ह्यावर तो, दुसऱ्यावर माय. मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन तीर्थपुरीत राहायला गेले. भावाचं लग्न पलीकडच्या गावातल्या पोरीशी झालं.

तो भादवा होता. सकाळी आभाळ मोकळं होतं, पण वरच्या अंगाला रात्रभर पाऊस पडला होता. गंगेचं पाणी गढूळ झालं होतं आणि चढत होतं. पलीकडून एक म्हातारा-म्हातारी यायची होती, त्यांच्या लेकीचं पोर आजारी होतं. भाऊ म्हणाला, एवढी खेप करू आणि नाव बांधू. ती खेप जवळजवळ पार पडली होती. अलीकडच्या घाटाचे दगड दिसायला लागले होते, तेवढ्यात वरून मुळांसकट उपटलेलं बाभळीचं झाड आलं आणि नावेच्या कुशीत घुसलं. नाव कलंडून दगडांवर आदळली. मायचा डावा पाय नावेच्या कडेत आणि दगडात सापडला. भावानं आधी म्हाताऱ्याला ढकलून दगडावर चढवलं, मग म्हातारीला. मग तो मायचा पाय सोडवायला परत पाण्यात उतरला. त्यानं खांदा लावून नाव उचलली, पाय सुटला, मायनं दगडाला हात घातला. नाव मात्र सुटून प्रवाहात गेली आणि जाताना तिनं भावाला ओढून नेलं. हे सगळं मायनं डोळ्यांनी बघितलं. तिच्या हातभर अंतरावर.

दवाखान्यातून सुटल्यावर मी तिला माझ्याकडं तीर्थपुरीला आणलं. आमची भाड्याची खोली होती, खाली शहाबादी फरशी, एक खिडकी, पुढं ओटा. भावजय गावातच राहिली. घर, दोन शेळ्या, आणि काठावर पालथी पडलेली फुटकी नाव. नाव खाली कोसभरावर सापडली होती, चुलत्यांनी माणसं लावून ओढून आणली होती.

पायाचं प्लास्टर काढलं तेव्हा मला बघवेना. मायच्या मांड्या आधी खलबत्त्यासारख्या घट्ट होत्या. लहानपणी आम्ही दोघं तिच्या पायांवर बसून झोके घ्यायचो. आता डावी मांडी वाळलेल्या दुधीसारखी झाली होती. कातडी लोंबत होती, गुडघा मात्र मोठा दिसत होता. तो वाकेना. उभं केलं की पाय लटपटायचा आणि ती माझ्या अंगावर कोसळायची.

मोठे डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय. काठी घेऊन घरातल्या घरात फिरता येईल. या वयात एवढं झालं तरी पुष्कळ झालं."

त्यांचं बरोबरच होतं. माय साठीला टेकली होती.

त्याच दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. बारीक अंगाच्या, चष्मेवाल्या, सारख्या घाईत असलेल्या. त्यांनी मायला खाटेवर झोपवलं, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला आणि गुडघ्यानं तो दाबायला सांगितला. मग पाय सरळ ठेवून वर उचलायचा. मायच्यानं तो वीतभरही उचलला गेला नाही. टाच खाटेवरून सुटेना. तिच्या कपाळावर घाम आला.

"होईल हळूहळू," बाई म्हणाल्या. "घरात चालण्यापुरता जोर येईल."

मायनं विचारलं, "आन् नाव हाकायची आसंल तर?"

बाईंना वाटलं, त्यांच्या ऐकण्यात चूक झाली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी नाव चालवते," माय म्हणाली. "त्याचा व्यायाम सांगा. चालायचा नको."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाव तर हातांनी चालवतात ना?"

"न्हाई वो. हातानं वल्हं निस्तं धरायचं. जोर सगळा पायाचा." माय खाटेवर कशीबशी उठून बसली. खाटेच्या पायथ्याच्या लोखंडी दांड्यावर तिनं चांगला पाय टेकवला, हातात नसलेलं वल्हं धरलं, गुडघा पोटाशी घेतला आणि पाय रेटत मागं गेली. "असं. पाय रेटला की पाठ मागं जाती, पाठीसंगं हात. पायच न्हाई रेटला तर नाव जाग्यावर फिरती."

बाईंनी मायला तेच पुन्हा करून दाखवायला लावलं, गुडघा किती वाकतो, टाच कुठं टेकते ते वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "गुडघा आधी एवढा वाकला पाहिजे, तरच पुढचं. घाई केली तर सळई हलेल, मग काहीच उरणार नाही." मायनं मान डोलावली. पुढच्या खेपेला त्यांनी तिच्यासाठी वेगळे व्यायाम योजून ठेवले होते.

माझ्या खोलीत ते सुरू झाले. पहाटे माझं पाणी भरून व्हायच्या आत माय फरशीवर आडवी झालेली असायची. आधी टॉवेल दाबणं, मग टाच फरशीवरून घसटत पोटाकडं ओढणं. मी फरशीवर थोडी पिठी टाकायचे म्हणजे टाच सरकेल. मग सरळ पाय वर उचलणं. पाय उचलता यायला लागल्यावर मी जुन्या साडीच्या तुकड्यात वाळू भरून त्याची पुरचुंडी शिवली आणि घोट्याला बांधली. मग खाटेवरून हात न टेकता उठणं आणि हळू बसणं. धपकन बसलं तर ते बसणं धरायचं नाही, असा बाईंचा हुकूम होता. खिडकीचे गज धरून टाचा उचलणं. ओट्याच्या पायरीवर डावा पाय ठेवून अंग वर नेणं. सगळ्यात वाईट म्हणजे भिंतीला पाठ लावून अर्धवट खाली जाऊन तिथंच थांबणं. तिचा पाय थरथरायला लागला की पाठीमागची भिंतसुद्धा हलतेय असं मला वाटायचं. ती दात खाऊन उभी राहायची, आवाज करायची नाही.

माझ्या नवऱ्याला हे बघवायचं नाही. तो मोंढ्यात धान्याच्या आडतीवर कामाला होता, मनानं चांगला होता. एक दिवस जेवताना म्हणाला, "मामी, आता कशाला जिवाला त्रास करून घेता? आम्ही हाओत की. बसून खावा."

माय म्हणाली, "बसून खायालाच बसलेय, जावईबापू. बसल्या बसल्या पाय हलवून राह्यले, दुसरं काय?"

पण एकदा तो घरात नसताना मीच चिडले. सकाळपासून तिचा गुडघा सुजला होता आणि तरी ती पायरीवर चढ-उतर करत होती. मी तिला धरून खाली बसवलं.

"त्या गंगेनं तुझा लेक नेला, तुझा पाय नेला. आता काय उरलंय तिथं? कुणासाठी जायचंय तुला?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "पिठी सरली का बघ," म्हणाली. "टाच अडकून राह्यली."

मला वाटायचं, तिला काठावर जाऊन त्याच्याजवळ बसायचंय. किंवा तिलाही पाण्यातच संपायचंय. ह्या दुसऱ्या विचारानं मला झोप यायची नाही. मी तिला एकटी सोडत नव्हते. शाळेत जाताना शेजारणीला सांगून जायचे.

दिवाळी झाल्यावर भावजय भेटायला आली. सोबत शेळीच्या दुधाची किटली आणि गावाकडची ज्वारी. दोन वर्षांचा संसार झालेली, अंगानं भरलेली पोर पार चिपाड झाली होती. तिच्यामागोमाग दुपारी तिचे वडील आले. पलीकडून एसटीनं, लांबच्या पुलावरून, धूळ खात आले होते. ओट्यावर बसले, चहा घेतला आणि बोलले ते सरळच.

"विहीणबाई, झालं ते लई वाईट झालं. पण पोरीचं वय काय हाय? लेकरू न्हाई, बाळ न्हाई. आपल्यात पाट लावत्यात. एक जागा आल्ती, चांगली हाय. बायको वारलेला माणूस हाय, शेती हाय. मी न्यायाला आलोय."

माय काही बोलायच्या आत भावजय दारातून वडलांना म्हणाली, "म्या येणार न्हाई, दादा."

"काहून?"

"आत्याबाईला इथं टाकून? त्यांचा पाय असा. आक्काच्या घरी किती दिवस राहतील? गावाकडं त्यांना पाणी कोण देईल, भाकर कोण टाकील? ज्या दिवशी त्या पयल्यासारख्या नावेत बसतील ना, त्या दिवशी बघू."

तिनं हे असं म्हटलं ते टाळण्यासाठी. तिलाही माहीत होतं आणि तिच्या वडलांनाही, की हे कधी होणार नाही. ते संध्याकाळच्या गाडीनं एकटेच परत गेले.

ते गेल्यावर मायनं भावजयीला जवळ बोलावलं. "तू नदीवर पाण्याला जाती का?"

भावजय किटलीचं झाकण लावत बसली.

"न्हाई जात," मीच म्हणाले. मला चुलतीनं सांगितलं होतं. दुर्घटनेपासून ती काठावर गेलीच नव्हती. शेंदायला लांबच्या आडावर जायची. पाण्याचा आवाज येतो म्हणून घराचं मागचं दार लावून ठेवायची.

"सुताराला बोलाव," माय तिला म्हणाली. "नावेची फुटकी फळी बदलून घे. डांबर मारून घे. तू काठावर जाऊ नको, दारात उभी राहून सांग त्याला."

त्या दिवशी मला कळलं, हे सगळं कशासाठी चाललंय. भावजय झोपल्यावर मी मायला विचारलं, "तिला मोकळी करायला का?"

"ती पयल्या दिसापासून माह्या पायाला बांधली गेली," माय म्हणाली. "माह्या पायापायी एक गेलं. दुसरं न्हाई जाऊ द्यायचं."

त्यानंतर मी चिडले नाही. उलट मीच व्यायामवाल्या बाईंकडं जाऊन म्हणाले, आता पुढचं सांगा. मायचा गुडघा तेवढा वाकायला लागला होता. बाईंनी सायकलची जुनी ट्यूब आणायला सांगितली. ट्यूब खिडकीच्या गजाला बांधायची, दुसऱ्या टोकाला हातात धरायला काठी. माय फरशीवर पोतं टाकून त्यावर बसायची, खिडकीखालच्या भिंतीला दोन्ही तळपाय टेकवायची आणि पाय रेटत ट्यूब ओढून मागं सरकायची. मग गुडघे वाकवत पुढं. पोतं फरशीवर सरसर घसरायचं. एका ट्यूबच्या दोन केल्या, दोनाच्या तीन. तिची पाठ आणि हात जुनी सवय विसरले नव्हते. डावा पाय तेवढा मागं पडायचा, त्यामुळं ती सरळ मागं न जाता एका अंगाला वळायची. "नाव फिरून राह्यली," म्हणायची आणि पुन्हा सुरुवात करायची.

एकदा ट्यूब मध्येच तुटली. माय उताणी पडली, डोकं फरशीवर आपटलं. मी धावत गेले. रक्त नव्हतं. पण ती तशीच पडून राहिली आणि तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की शेजारीण ओट्यावर आली. भाऊ गेल्यापासून ती तेव्हा पहिल्यांदा रडली. पडल्या पडल्या, छताकडं बघत. "त्याचा हात माह्या पायावर व्हता," म्हणाली. "पाण्यात. मला हात लागून राह्यला व्हता. मंग सुटला." मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. आम्ही दोघी दुपार टळेपर्यंत तशाच बसून होतो. दुसऱ्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, कुणी न सांगता, सायकलच्या दुकानातून जाड ट्यूब आणून खिडकीला बांधून ठेवली.

संक्रांतीनंतर मी तिला गावाकडं घेऊन गेले. नाव तयार होती, डांबराचा वास येत होता. गंगा खाली गेली होती, पण आमच्या घाटापुढचा डोह कधीच आटत नाही. पहिले काही दिवस मायनं नाव बांधलेलीच ठेवली आणि नुसतं आत बसून वल्हं मारलं. काठावरून चढ-उतर हेच मोठं काम होतं. नाव पायाखाली हलायची आणि तेवढ्यानं तिचा डावा गुडघा घाबरून वाकायचा. ती खाली बसायची, नावेची कड धरून उठायची, पुन्हा बसायची. गावातली माणसं लांबून बघायची. एका सकाळी तिनं दोर सोडला आणि एकटीनं दोन्ही वल्ही मारत डोहाच्या मध्यापर्यंत जाऊन परत आली. मी काठावर उभी होते. नाव टेकल्यावर दोर मी माझ्याच हातानं बांधला.

पलीकडच्या गावात बाजार होता त्या दिवशी ती लोकांना न्यायला घाटावर बसली. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया आल्या, दोघे-तिघे बाप्ये आले. ओळखीची माणसं, वर्षानुवर्षं ह्याच नावेतून गेलेली. त्यांनी मायला रामराम केला, पाय कसा हाय विचारलं. कुणी नावेत चढलं नाही.

"आज वरच्या उतारानं जावं म्हणतो," एक जण म्हणाला. "पाणी गुडघ्याइतकंच हाय तिथं."

"जा ना," माय म्हणाली.

ते गेले. मग दुसरे आले, तेही गेले. ज्या म्हाताऱ्याला माझ्या भावानं दगडावर चढवलं होतं, त्याचा पुतण्या आला. त्यानं नावेकडं बघितलं सुद्धा नाही, मान वळवून बाजूनं निघून गेला. उन्हं चढली. माय वल्ह्यावर हात ठेवून बसून राहिली. मी म्हणाले, चल घरी. ती म्हणाली, "बसायचं असतंय. पयलेबी बसले व्हते." दुपारपर्यंत ती बसली, एकही माणूस आला नाही.

संध्याकाळी भाकरी खाताना ती भावजयीला म्हणाली, "तुझ्या बापाला निरोप धाड. पलीकडच्या काठावर गाडी घेऊन ये म्हणावं."

भावजयीनं घास खाली ठेवला. "आत्याबाई—"

"तूच म्हन्ली व्हती. मी नावेत बसले. सगळ्या गावानं बघितलं."

"म्या एसटीनं जाते मंग. पुलावरून."

"न्हाई. माह्या नावेनं जायचं. तू त्या पाण्याला अशीच भिऊन गेली तर जिथं जाशील तिथं ते संगं येईल. मी नेते तुला."

पोर रात्रभर रडत होती, असं चुलती म्हणाली. मला ऐकू आलं नाही. घरात सगळे झोपल्यासारखे पडून होते.

नेण्याच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. भावजयीची एक पेटी, एक गाठोडं, एवढंच. मी दुसऱ्या वल्ह्यावर बसले, भावाच्या जागी. लहानपणी वडलांनी शिकवलेलं हाताला आठवत होतं. भावजय घाटाच्या पायऱ्यांवर येऊन थांबली. तिचे पाय पुढं पडेनात. माय नावेतून उठली, काठावर आली, तिला हाताला धरून आत आणलं. ते उठणं, ती पायरी चढणं-उतरणं, पोरीचं वजन हातावर घेऊन हलत्या नावेत परत येणं. ह्यातलं एकेक आम्ही माझ्या खोलीत किती दिवस करत होतो ते मला माहीत होतं.

भावजय आमच्यासमोर बसली, दोन्ही हातांनी कड धरून, डोळे गच्च मिटून. वल्हं मारणाऱ्याचं तोंड मागं असतं, त्यामुळं मायला मागं सुटत चाललेला काठ दिसत होता आणि पोरीचं तोंड. दगड मागं गेले तेव्हा माय म्हणाली, "डोळे उघड."

"न्हाई."

"उघड पोरी. तुह्या मागं ते दगड हायेत. तिथं गेला त्यो. एकदा बघून घे."

तिनं डोळे उघडले, मान वळवून मागं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनं कडेचा एक हात सोडला आणि पाण्यात घातला. नाव चालत होती, पाणी तिच्या बोटांतून मागं जात होतं. ती मोठ्यानं रडली नाही. फक्त नाकातून पाणी आलं ते पुसलं आणि पुढं तोंड केलं. "बास," म्हणाली.

मायचा पाय थरथरत होता. मी शेजारी असल्यामुळं मला दिसत होतं. पायाखालच्या आडव्या फळीवर तिची टाच आपटत होती. मी माझं वल्हं हलकं मारायला लागले म्हणजे नाव सरळ जाईल, पण ती म्हणाली, "बराबर मार. माझं मी बघते."

पलीकडं भावजयीचे वडील बैलगाडी घेऊन उभे होते. नाव टेकली. माय उठायला गेली आणि तिला उठता येईना. ती बसूनच राहिली. भावजय वाकली आणि तिनं मायच्या पावलांना नाही, त्या डाव्या मांडीला डोकं लावलं. मायनं तिच्या केसांवरून हात फिरवला.

"जा. जल्दी जा. ऊन होईल."

गाडी चढ चढून दिसेनाशी झाली. मग आम्ही दोघी परत निघालो. येताना वारा समोरून होता. अर्ध्यावर मायचं वल्हं पाण्यावरून घसरायला लागलं, तरी ती मारत राहिली. अलीकडं आल्यावर तिला नावेतून काठावरच्या दोघांनी उचलून आणावं लागलं. मांडी हाताला गरम लागत होती.

त्यानंतर दोन पावसाळे तिनं नाव चालवली. लोक थोडेथोडे बसायला लागले, पण पूर्वीसारखे कधीच नाही. बसणारे ते अडलेले. कुणाची बाळंतीण, कुणाचं मयत. सकाळचे व्यायाम तिनं सोडले नाहीत. गावातल्या घराच्या खिडकीलाही ट्यूब बांधली होती. पण सळईच्या जागी पू झाला. जालन्याला नेलं, सळई काढली. पाय आखूड झाला आणि पुन्हा वल्ह्याचा जोर आला नाही. ती माझ्याकडं राहायला आली. नाव चुलत भावाला दिली. माय काठीवर चालायची, शेजारच्या म्हाताऱ्या बायांना गुडघे दुखले की फरशीवर टॉवेल घालून दाबायला शिकवायची. शेवटची काही वर्षं खाटेवरच गेली. हाडात परत परत पू व्हायचा, ताप यायचा. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा एका उन्हाळ्यात ती गेली.

भावजय त्या सगळ्या वर्षांत एकदाही आली नाही. मायनंच निरोप धाडला होता, येऊ नको म्हणून. दुसऱ्या घरात तिचं बरं चाललंय, एवढं कानावर यायचं.

माय गेल्यानंतरच्या पावसाळ्यात तीर्थपुरीच्या बाजारात कुणीतरी मला "आक्का" म्हणून हाक मारली. अंगानं भरलेली, कपाळाला मोठं कुंकू, हातात बियाण्याची पिशवी. मी ओळखलं नाही. मग ओळखलं.

"आत्याबाईचा पाय कसा हाय?" तिनं पहिलंच विचारलं.

मी सांगितलं. ती भाजीवाल्यांच्या मधोमध, चिखलात तशीच खाली बसली. लोक बाजूनं जात राहिले. मी तिच्याशेजारी बसले.

"शेवटाला लई दुखत व्हतं का?"

"हो," मी म्हणाले. "दुखत होतं."

तिनं मान हलवली. जरा वेळानं उठली, पिशवी झटकली, पदर नीट केला. तिला तीन लेकरं आहेत म्हणाली, दोन पोरी आणि एक पोरगा. गाडी लागली होती. तिनं माझा हात धरला आणि सोडला, आणि गर्दीतून गाडीकडं गेली. खिडकीशी जागा मिळाल्यावर तिनं तिथूनही एकदा हात केला.